जुवावर पाय

माझी सगळी नोकरी पळण्यात गेली. होतो पोलिसात, पण चोरामागे कमी आणि चुन्याच्या रेघेवर जास्त पळालो. शर्यतीचं नाव स्टीपलचेस. मैदानाच्या सात-साडेसात फेऱ्या, वाटेत कमरेएवढे लाकडी अडथळे, आणि दर फेरीत एकदा अडथळ्याला लागूनच पाण्याचा खड्डा. गावात समजावून सांगितलं की म्हातारे म्हणायचे, "म्हंजे बांध अन् नालाच ना? त्याचा सरकार पगार देते?" देते, म्हणायचो मी. त्या बांधानाल्यावरच माझं घर चाललं आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही.

गाव मोताळ्याजवळचं. आमचा जिल्हा आधी मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला. आम्ही आपले जागेवरच कापूस वेचत होतो. महाराष्ट्र नवा नवा असतानाच मी बुलढाण्याला भरती झालो. कवायत शिकवणाऱ्या हवालदाराला सगळे उस्ताद म्हणत. मला पळताना पाहून त्यानं ठरवलं की याला स्टीपलचेसला घालायचं. मैदानाच्या कडेला खड्डा खणून पाणी भरलं. अडथळ्याला लाकूड हवं होतं, तर कुठून तरी मोडीत निघालेल्या बंडीची दांडी आणली. बाभळीची, तेल पिऊन पिऊन काळी झालेली. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी.

हा खड्डा अडथळ्यापाशी खोल असतो आणि पुढे उथळ होत जातो. म्हणून लाकडावर एक पाय ठेवायचा, रेटा द्यायचा आणि उथळ पाण्यात पडायचं. उस्तादनं हे दोनदा करून दाखवलं. मी जोरात आलो, पाय नेमका लाकडावर ठेवला, आणि माझा हात आपोआप खाली गेला. लाकडाला हात लावून कपाळाला लावायला. व्हायचं तेच झालं. मी तोंडावर पाण्यात पडलो.

"पूजा कराले आला का बे?" उस्ताद म्हणाला. बाकीचे रंगरूट पोट धरून हसत होते.

त्यांना हसायला काय जातं? आमच्या घरात औताला, बंडीला, जुवाला पाय लागला की वाकून नमस्कार करायचा, ही गोष्ट चालायला शिकतानाच अंगात भिनलेली. लहानपणी बोरं तोडायला मी एकदा जुवावर उभा राहिलो होतो. बाबांनी कानाखाली असा जाळ काढला की बोरं विसरलो. "जे बैलाच्या मानेवर असते त्याच्यावर पाय देतं?" ते म्हणाले होते. तो गाल मला अजून आठवतो. त्या दांडीवर पाय ठेवायची वेळ आली की हात पुढे जायचाच. मी कितीही दात-ओठ खाल्ले तरी जायचा.

मग मी दुसरा मार्ग काढला. लाकडाला शिवायचंच नाही, वरून साफ उडी मारायची. दिसायला झकास. पण पडायचो थेट खोल पाण्यात, बूट भरायचे, आणि मी चिखलातून पाय उपसत असताना मागचे दोघं-तिघं खुशाल पुढे निघून जायचे. सपाटीवर मला कोणी धरू शकत नव्हतं. पाण्यापाशी सगळेच धरत होते.

पोळ्यानंतर अमरावतीला आमच्या परिक्षेत्राच्या शर्यती होत्या. पहिले दोघे राज्याच्या संघात जाणार, आणि मग पळणं हेच त्यांचं काम. बाकीचे ठाण्यावर. हरलो तर मला जळगाव जामोदला पाठवायचं, हे ठरलेलंच होतं. ठाणं काही वाईट नव्हतं. पण मला पळायचं होतं. दुसरं काही धड येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. उस्तादनं मला पोळ्याची सुट्टी दिली आणि सांगितलं, "परत येशील तवा पाय ठेवता आला पाह्यजे. नाही तर मी दुसऱ्याचं नाव देतो."

घरी पोचलो ती पोळ्याच्या आदली संध्याकाळ, खांद शेकणीची. वर्षभर जू वाहून बैलांच्या खांद्यांना घट्टे पडलेले असतात. बाबा त्यांना तूप-हळद चोळत होते आणि दरवर्षीसारखं बैलांच्या कानाशी म्हणत होते, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या बैलाचे खांदे चोळता चोळता मी त्यांना सगळं सांगितलं. पाण्यात पडलो तेही. ते फक्त "हं" म्हणाले. पोळ्याच्या दिवशीही त्या विषयावर अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला नाल्यावर घेऊन गेले. काठावर दोन मेढी रोवलेल्या होत्या आणि त्यांवर आमच्या बंडीचं जू आडवं बांधलं होतं. कालचं कुंकू अजून त्याच्यावर होतं.

"बूट घाल," बाबा म्हणाले.

"बाबा, खिळ्यायचे बूट हायेत. जुवाले भोकं पडतीन."

"पडू दे."

"लहानपणी तर तुमीच मारलं होतं मले."

"तवा तू खेळून राह्यला होता. आता कामाले जाऊन राह्यला. बैल कामालेच जुवाखाली जाते ना? मंग तू कामालेच जुवावर जाय."

"अन् नमस्कार?"

"पळून झाल्यावर कर. जू कुठी पळून जाते?"

माय धुणं घेऊन आली होती. ती म्हणाली, "तवा पोट्ट्याले झोडपलं, अन् आता देवावर नाचवून राह्यले." बाबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मेढी हलत होत्या, म्हणून ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी जू धरून ठेवलं.

"हात काढा बाबा, खिळे लागतीन."

"तू बरोबर पाय ठेव मंग."

मी मागे जाऊन जोरात पळत आलो. त्या दोन हातांच्या मधोमध पाय ठेवायचा होता आणि चुकायला जागा नव्हती. नमस्काराला हात खाली न्यावा हे सुचलंच नाही. बूट जुवावर पडला, मी रेटा दिला आणि नाल्याच्या पलीकडच्या उथळ पाण्यात उभा राहिलो. मागे वळून पाहिलं तर बाबा म्हणाले, "पुन्हा." ऊन डोक्यावर येईपर्यंत ते तेवढंच म्हणत राहिले. एकदा खिळा त्यांच्या अंगठ्याला चाटून गेला, रक्त आलं. त्यांनी अंगठा तोंडात घातला आणि दुसऱ्या हातानं जू धरून ठेवलं.

अमरावतीला पाण्यापाशी आलो की मला लाकूड दिसायचं नाही, ते दोन हात दिसायचे. मी त्यांच्या मधे पाय ठेवत गेलो. शेवटच्या फेरीला तिसरा होतो. पुढचा गडी पाण्यात जरा डगमगला तिथं त्याला गाठलं आणि दुसरा आलो. छाती फुटत होती. तरी बसलो नाही. बूट काढले, अनवाणी खड्ड्यापाशी परत गेलो, लाकडाला हात लावून कपाळाला लावला. पंच बघत राहिले. उस्ताद मात्र टॉवेल घेऊन शांत उभा होता. "झालं? चल आता," एवढंच म्हणाला.

गावी गेलो तेव्हा बाबा वखर घेऊन शेतात होते. त्यांनी बैल थांबवले.

"नमस्कार केला का?"

"केला."

"बूट काढून?"

"हाव."

"मंग सांग, कितवा आला?"

दुसरा आलो, पळायचंच काम मिळालं, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बैल हाकले. पुढे बरीच वर्षं, गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत, मी तेच काम केलं.

पण सांगायचं ते पुढच्या पोळ्याचं. खांद शेकणीच्या संध्याकाळी दोन्ही बैलांचे खांदे चोळून झाले. वाटीत थोडं तूप-हळद उरलं होतं. बाबांनी मला ओट्यावर बसवलं, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मी ओढून घ्यायला लागलो तर धरून ठेवला. घोट्याला, पोटरीला सावकाश चोळत राहिले. मला रडू आवरेना. दोन्ही पाय झाल्यावर ते वाकले आणि बैलांना म्हणतात तसंच मला म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."