नाक परत येईपर्यंत

ग्लास नाकाशी नेला की आधी पिकलेल्या जांभळाचा वास येतो. मग काळी मिरी, नुकतीच खलबत्त्यात भरड केलेली. तिच्यामागून निलगिरीच्या तेलाची एक गार रेघ. आणि ग्लास थोडा फिरवून वाट पाहिली तर सगळ्यात शेवटी चामड्याचं जुनं दप्तर. निदान नवऱ्याला, अविनाशला, मी असंच सांगते. यातलं माझ्या नाकाला खरोखर किती कळतं आणि त्याच्याच तोंडून वर्षानुवर्षं ऐकून किती पाठ झालंय, हे मला आता ठरवता येत नाही. एरवी ठरवण्यात मी कमी पडत नाही. आमच्या घरात पापडांपासून फ्यूजच्या तारेपर्यंत प्रत्येक गोष्टीची यादी असते. वासांची मात्र करता आली नाही.

अविनाशच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं दक्षिण ऑस्ट्रेलियात होतो. परतताना तिथून लोक काय काय आणतात; त्याने शिराझ आणली, तिथली गडद रेड वाईन. पुढे कामाच्या प्रत्येक फेरीत स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या एक-दोन बाटल्या येत राहिल्या. कोळवणच्या खोऱ्यात घर बांधायला घेतलं तेव्हा मी स्वयंपाकघराचा ओटा आखत होते आणि तो डोंगराच्या पोटात अर्धी शिरलेली एक बिनखिडकीची खोली मागत होता. अंधार, एकसारखा गारवा आणि कुणी न हलवणं, चांगल्या रेड वाईनला एवढंच लागतं. खोली झाली. उन्हाळ्यात तिथे एसी चालतो, वीज गेली की इन्व्हर्टर, आणि ते सगळं खातं माझ्याकडे. आमच्याकडच्या पावसाळी हवेने बाटल्यांच्या लेबलांवर बुरशी चढते, तीही मीच पुसते.

शेजारच्या कमळाबाई, ज्यांच्या घराकडून आम्ही ही जमीन घेतली, एकदा त्या खोलीत डोकावल्या. आडव्या निजवलेल्या बाटल्या पाहून म्हणाल्या, "वैनी, लोणच्यावानी मुरवत ठिवलंय व्हय ह्ये?"

"तसंच म्हणा. जितकी मुरेल तितकी मऊ होते."

"मंग काढायची कवा?"

"ज्याची त्याची वेळ असते."

"आन् ती कोन सांगतंय?"

मी अविनाशकडे बोट दाखवलं. तेव्हा ते खरं होतं. एक बाटली उघडून, एकदाच वास घेऊन, हिच्या बहिणी अजून निजू देत, असं तो सांगायचा आणि मी तसं टिपून ठेवायची. वाईन साठवणाऱ्याला काळाशी असं संगनमत करावं लागतं. घाई केली तर जीभ आवळून धरणारा तुरटपणा, उशीर केला तर फळ उडून गेलेलं आंबट पाणी. मधला जो काही काळ असतो तो बाहेरून दिसत नाही. कुठल्या गोष्टीचा दिसतो?

मग त्याला साथीचा ताप आला. ताप उतरला, खोकला गेला, वास मात्र गेला तो गेलाच. आम्हाला कळलं ते दुधामुळे. तो गॅससमोर पेपर वाचत उभा होता, पातेल्यात दूध करपून काळं झालं होतं, आणि मी अंगणातून धावत आले. त्या दिवशी तो हसला. हसू थांबलं ते नव्या इंद्रायणीच्या भाताला. ताटावर वाकून त्याने एक मोठा श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि आमटी कालवली.

डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणार नाही. माझ्यासारख्या बाईला हे असलं उत्तर फार जड जातं. रोज सकाळी काही ठरावीक वास हुंगायला सांगितलं होतं, म्हणून मी लवंग, लिंबाची साल, ओवा आणि कॉफी अशा डब्या भरून व्हरांड्यातल्या फळीवर ओळीने मांडल्या. तो रोज इमानाने हुंगतो आणि नकारार्थी मान हलवतो. बाटल्या उघडणं मात्र त्याने थांबवलं. "नाक परत आलं की उघडू," म्हणाला. नाकाशिवाय शिराझ म्हणजे नुसता आंबट-तुरट काढा, हे मलाही समजत होतं. पण खोलीतल्या बाटल्यांना त्याच्या नाकाची खबर नव्हती. त्या आपापल्या गतीने पिकत होत्या आणि काही उताराला लागल्या असणार. थांबावं, तर जे जपलं ते हातातून जातं. उघडावं, तर त्याच्या देखत कबूल केल्यासारखं होतं की नाक आता येणार नाही. मी खोलीच्या दाराशी जाऊन परत येत असे. जपणं कुठे संपतं आणि नुसतं अडवून ठेवणं कुठे सुरू होतं? तुम्हाला ठाऊक असेल तर मला जरूर सांगा.

त्याच्या निवृत्तीसाठी राखलेली एक बाटली होती, सगळ्यांत जुन्या द्राक्षवेलींची. निवृत्ती होऊन गेली, दिवाळीही गेली. शेवटी एका दुपारी, दोन-तीन दिवसांचा अवकाळी पाऊस उघडल्यावर, मी ती घेऊन आले आणि टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुझी बाटली. आज उघडायची."

"अगं, मला काय कळणार त्यात?"

"मी सांगते ना."

"तू मागच्या वेळी जिला दप्तर म्हणालीस ती शिराझ नव्हतीच, कॅबर्ने होती."

"मग दप्तर कॅबर्नेचं असेल. उघड."

ऑस्ट्रेलियाच्या भारी बाटल्यांनाही पुष्कळदा बूच नसतं, फिरकीचं झाकण असतं. ते कर्रकन फिरलं. गाळ खाली राहील अशा बेताने त्याने काचेच्या सुरईत वाईन ओतली. हात अजून तसाच स्थिर होता. वाईनच्या कडेला विटकरी छटा आली होती. मी वास घेतला. जांभूळ, म्हणाले. मिरी, म्हणाले. तो खिडकीकडे पाठ करून बसला होता, डोळे मिटून, ग्लास नाकाशी धरून.

"भिजलेला पेंढा," तो म्हणाला.

मी पुन्हा हुंगलं. माझ्या ग्लासात पेंढा नव्हता. त्याचा ग्लास घेतला, त्यातही नव्हता. "आहे ना?" त्याने विचारलं. माझ्या तोंडाशी 'हो' आलं होतं. इतके दिवस मीच त्याचं नाक होते, एक 'हो' मला जड नव्हतं. पण माझी नजर त्याच्या खांद्यावरून खिडकीबाहेर गेली. बांधापलीकडे कमळाबाई काठीने पेंढ्याचा ढीग उलटत होत्या.

"वाईनमध्ये नाही," मी म्हणाले. त्याचा चेहरा उतरला. "बाहेर आहे."

तो ग्लास तिथेच ठेवून उठला आणि अनवाणीच बांधाकडे गेला. मी चपला घेऊन मागे. तोवर त्याने मूठभर ओला पेंढा नाकात कोंबल्यागत धरला होता.

"सायब काय हुडकत्यात वो?" कमळाबाईंनी मला विचारलं.

"वास."

"त्यो कशाला हुडकायचा? कुजट घाण सुटलीया हितं. म्हस बी तोंड लावना. न्या की भारा, काय नगं आमास्नी."

"गेला," अविनाश म्हणाला. "एकदाच आला आणि गेला." सकाळच्या फेरीत भिजलेला पेंढा त्याने पाहिला होता का, हे मी विचारलं नाही. पाहिला असेल, तर आठवणीनेच नाकाचं सोंग घेतलं असेल. माझ्या जांभळाचं तरी दुसरं काय होतं?

उरलेली वाईन आम्ही दोन दिवसांत संपवली. बाकीच्या बाटल्यांचं अजून काही ठरलेलं नाही. फळीवर मात्र कॉफीच्या शेजारी पेंढ्याची एक पेंडी बांधून ठेवली आहे. तो रोज सकाळी तिच्यावर वाकतो. कधी मान नकारार्थी हलते, कधी नुसताच थांबून राहतो. पेंढा आता वाळलाय, म्हणून मी त्याच्यावर थोडं पाणी शिंपडते. काल तो आत गेल्यावर मीही वाकून बघितलं. आधी ओल आली, मग माती, आणि सगळ्यात शेवटी, थोडं थांबल्यावर, जांभूळ. ते कुठून आलं असेल?