जमिनीवर पडलेलं

"मूठ उघड," आडत्या म्हणाला.

मायनं उघडली. थोडी ज्वारी, थोडी माती. औशाच्या मोंढ्यात, धान्याच्या भरल्या बाजारात.

ज्वारी आमचीच. दुष्काळात दोनच पोती पिकली, त्यातलं एक तेल-मिठासाठी आणलं होतं. काट्यावर ओतताना सांडलेलं मायनं वेचलं. पण मोंढ्याचा रिवाज असा, की जमिनीवर पडलं ते आडतीचं.

"टाक खाली. चोरटी कुठली!"

मायनं हात झटकला.

आणि मी? खांबाआड. लातूर नुकताच जिल्हा झाला होता अन् मी तिथल्या कॉलेजात. जिल्हा जणू माझ्याचमुळं झाला, अशी चालायची मी. सोबत वसतिगृहातल्या दोन मैत्रिणी, बाजार बघायला आलेल्या. शोभानं विचारलं, "कोण गं ती?"

"आमच्या गावची हाय."

मायनं ऐकलं. मी तिला एसटीपर्यंत सोडायला गेले तेव्हा बोलली, "गावची तर हायच मी."

चपलेनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

चार दिवस जेवण गेलं नाही. (माझं जेवण न जाणं म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.) शेवटी शोभाला खरं सांगितलं. तिनं उठून आपल्या गादीवरची चादर ओढून काढली. मोठ्ठ्या गुलाबी फुलांची.

पुढच्या बाजाराला माय दुसरं पोतं घेऊन आली; पहिल्याचे पैसे उधारीतच गेले होते. आम्ही काट्याखाली चादर अंथरली. तीन टोकांवर तिघी पोरी, चौथ्यावर दगड. हमाल खो खो हसले.

"झोपायला आलीस का गं?" आडत्या म्हणाला.

"न्हाई मालक. आता काही जमिनीवर पडणार न्हाई."

"अन् ही बाई तुझी कोण?"

"माझी माय. तुम्ही चोरटी म्हणालात, ती."

"माप बंद! उचला पोतं."

पोतं परत गेलं तर घरात तेलही नाही, मीठही नाही. मायकडं बघायची हिंमत होईना. ती पोत्यावर बसली. म्हणाली, "बसून राहू हितंच."

ऊन डोक्यावर आलं. मागं पोती खोळंबली. एक म्हातारा शेतकरी पुढं आला, डोक्याचा पटका सोडून चादरीला लावून अंथरला. "माझंबी माप ह्याच्यावरच." मग एक धोतर आलं, एक घोंगडी आली. आडत्यानं शिवी हासडली अन् हमालाला खूण केली.

माप झालं. चादरीवर दोन ओंजळी ज्वारी सांडली होती. मायनं ती गोळा केली. मला वाटलं, आता जवळ घेईल. तिनं माझ्या ओढणीत ओतली.

"घे. गावच्या बाईकडनं."

मी माफी मागितली नाही. ती मागून मिळणारी नव्हती. आमचं पोतं संपलं होतं, तरी पुढच्या बाजाराला चादर घेऊन मी काट्याखाली उभी होते. त्याच्या पुढच्याही. पोती दुसऱ्यांची. कुणी विचारलं, पोरी तू कुणाची, तर आधी मायचं नाव सांगायची, मोठ्यानं, आडत्याला ऐकू जाईल असं.

माझी पोरं आजही त्या गुलाबी फुलांना हसतात. हसू द्या. चादर मी फाडू दिलेली नाही.