बंद दाराआडची माफी

"तिकडं भिंतीपाशी उभा राहा. सगळ्यांना तोंड दिसलं पाहिजे."

मी उठलो आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. दापोडीतली पत्र्याची खोली. जूनचा उकाडा. खाली गोणपाटावर माझे सोबती बसलेले, दिवसभर ओतशाळेत माझ्याबरोबर वाळूचे साचे भरणारे. खोलीत खुर्ची एकच. तिच्यावर वकीलसाहेब, कम्युनिस्ट पक्षाच्या आमच्या शाखेचे प्रमुख. दर शनिवारी पुण्याहून यायचे.

"पेपर कोणी वाचून दाखवला?"

"मी."

"कुठे?"

"हॉटेलात. चहा पिताना."

"सातवी पास झालास म्हणजे मॉस्कोचं राजकारण कळायला लागलं का रे?" ते हसले. "तुमच्या लोकांचं हेच आहे. चार अक्षरं आली की आधी घरच्याच माणसावर उलटता."

तुमच्या लोकांचं.

निघोज्यात गावाच्या खालच्या अंगाला आमची घरं. या दोन शब्दांचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शाळेत मास्तर म्हणायचे. विहिरीवर बायका म्हणायच्या. हे शब्द पुन्हा कानावर पडू नयेत म्हणून मी गाव सोडलं, वाळूत हात भाजून घेतले. आणि इथे तेच शब्द. तेही ज्या माणसाने मला 'कॉम्रेड' म्हणायला शिकवलं, त्याच्या तोंडून. आम्हा सगळ्यांना ते अहोजाहो करायचे. त्या दिवशी मला अरेतुरे.

दोघंतिघं हसले. माझा दोस्त सखाराम खाली बघत बसला.

वकीलसाहेबांबद्दल खोटं लिहायचं नाही. माणूस आमच्यासाठी तुरुंगात गेला होता. कामगारांच्या केसेस फुकट चालवायचा. पुस्तक हातात धरायला मला त्यांनीच शिकवलं. म्हणून तर ते शब्द आतपर्यंत गेले. परक्याने म्हटलं असतं तर झटकून टाकलं असतं.

आमच्या शाखेत एक पद्धत होती. आत्मटीका. चुकलेल्याने सगळ्यांसमोर उभं राहून आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची. पण तेवढ्याने बसता येत नसे. आपल्याबरोबर आणखी कोण चुकलं, तेही सांगावं लागे. नाव दिल्याशिवाय आत्मटीका अपुरी. मॉस्कोतही असंच करतात, असं वकीलसाहेब अभिमानाने सांगायचे.

माझी चूक काय होती, ते सांगतो.

ते छप्पन साल. रशियाचा तो मोठा नेता वारून तीन वर्षं झाली होती. आम्ही त्याचं नाव घेत नसू. घरात थोरल्या चुलत्याचं नाव घेत नाहीत, तसं. 'थोरले' म्हणायचो. खोलीत त्यांची तसबीर होती. आणि त्या उन्हाळ्यात पेपरात आलं की रशियातल्या नव्या नेत्याने पक्षाच्या अधिवेशनात, दारं बंद करून, एक लांबलचक भाषण केलं. थोरल्यांनी आपल्याच निरपराध सोबत्यांकडून खोटे गुन्हे कबूल करून घेतले, त्यांना गोळ्या घातल्या, असं त्या भाषणात होतं.

हे मी हॉटेलात मोठ्याने वाचलं. आमच्यात धड वाचता येणारा मीच.

"बरं झालं राव, आपन दापोडीत जन्मलो," सखाराम म्हणाला. "तिकडं असतो तर पयला ह्या वाचनाऱ्यालाच उचलला असता."

"आन् दुसरा तुला. ऐकलंस म्हणून," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

यासीनभाई हसला नाही. यासीनभाई आमच्या ओतशाळेत फिटर. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. मी दापोडीत नवा आलो तेव्हा मला खोली मिळेना. यासीनभाईने आपल्या पडवीत मला ठेवून घेतलं. मी त्याच्या घरचं जेवलो आहे. थोरले गेले तेव्हा हा माणूस रडला होता, तसबिरीला लोखंडाची चौकट यानेच करून दिली होती.

"दार का लावलं रं त्यांनी?" त्याने विचारलं.

"कोणी?"

"ह्या नव्यानं. चूक झाली म्हणून सांगायचं, तर दार कशाला लावायचं? ज्यांची मानसं मेली ती बायकापोरं भाईरच ऱ्हायली की. त्यांना कोन सांगनार?" त्याने कप खाली ठेवला. "आन् मला सांग भावा, राज्य कामगाराचं म्हनत्यात. मग एखादा कामगार न्हाई म्हनला, तर त्याचं काय होतं?"

सखारामलाही विनोद सुचला नाही. भोंगा झाला, आम्ही उठलो.

ही गोष्ट वकीलसाहेबांपर्यंत कोणी नेली, मला आजही माहीत नाही.

तर मी भिंतीपाशी उभा. "मी मालकधार्जिण्या पेपरातलं खोटं पसरवलं," मी म्हणालो. "मी चुकलो."

"आणि प्रश्न कोण विचारत होतं?"

यासीनभाई दुसऱ्या शिफ्टला होता. खोलीत नव्हता.

"यासीनभाई."

"हं. त्याचं येणंजाणं कुठे असतं?"

मला बसायचं होतं. बाकी काही नको होतं. कानात ते दोन शब्द वाजत होते आणि मला दाखवून द्यायचं होतं की मी त्या 'लोकांतला' नाही, यांच्यातला आहे. मी म्हणालो, "मागल्या महिन्यात मॅनेजरच्या बंगल्यावर गेला होता."

वकीलसाहेबांनी मान हलवली. "बसा, कॉम्रेड."

मला पुन्हा अहोजाहो झालं होतं. मी बसलो. मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे. मला बरं वाटलं.

मी बोललो ते वाक्य खरं होतं. यासीनभाई बंगल्यावर गेला होता. भाभी अडली होती, सुईणीने हात टेकले होते, आणि आसपास मोटार एकट्या मॅनेजरकडे. यासीनभाई मोटार मागायला गेला. मी त्याच्याबरोबर होतो. फाटकाशी मीच उभा होतो. मोटार मिळाली, भाभी ससूनला पोचली, मुलगी झाली. शमीम. तिचे पेढे मी खाल्ले होते.

हे सगळं मी खोलीत सांगितलं नाही. फक्त बंगला सांगितला.

पुढच्या शनिवारी यासीनभाईला बोलावलं. वकीलसाहेब म्हणाले, "उभे राहा. मालकाशी काय बोलणी झाली, सांगा."

तो उभा राहिला, पण भिंतीपाशी गेला नाही. आधी त्याला कळेचना. मग कळलं. तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट सुटल्यासारखा दिसला. "ह्याला इचारा की. हा व्हता माझ्यासंगं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "मी फाटकाबाहेर होतो. आत काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही."

हेही खरंच होतं. मी फाटकाबाहेरच होतो.

यासीनभाई माझ्याकडे बघत राहिला. मग "बरं," म्हणाला. चपला पायात घातल्या आणि गेला.

खबऱ्या. हा शब्द चाळीत पसरायला वेळ लागला नाही. ओतशाळेत त्याच्याशेजारी डबा उघडायला कोणी बसेना. नळावर भाभीचा नंबर शेवटचा, पोर काखेत रडत असली तरी शेवटचा. संप झाला तेव्हा तो फाटकावर आला, तर आमच्याच पोरांनी त्याला ढकलून संपकऱ्यांच्या लाइनीबाहेर काढलं. "मॅनेजरला जाऊन सांग, आम्ही किती जण हाय ते!" मी लाइनीत होतो. मी ढकललं नाही. ढकलणाऱ्यांना अडवलंही नाही. दिवाळीच्या आधी ते बिऱ्हाड चाकणला गेलं.

तोवर वारं फिरलं होतं. एका शनिवारी खोलीत गेलो तर भिंतीवर तसबीर नाही. वकीलसाहेब सांगत होते, त्या काळच्या परिस्थितीत काही चुका झाल्या, मॉस्कोनेच मान्य केलंय, आता मागचं उकरत बसायचं नाही. पेपरात होतं तेच. यासीनभाई ज्याबद्दल विचारत होता तेच.

माझं तोंड उघडलं. "मग यासीनभाईंना परत बोलवा."

"तो एका माणसाचा प्रश्न आहे. चळवळ एका माणसासाठी थांबत नसते."

"आणि मला म्हणालात, तुमच्या लोकांचं हेच आहे. ते?"

बघा. एका दमात मी यासीनभाईवरून स्वतःवर आलो. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

"उठ," ते म्हणाले. "आत्मटीका कर."

"नाही."

तो शब्द त्या खोलीत आजवर कोणी उच्चारला नव्हता.

"काय म्हणालास?"

"नाही म्हणालो. मी काही चुकलो नाही. आणि मला अहो म्हणायचं. नाहीतर हाकच मारायची नाही."

मी बाहेर पडलो. मागोमाग सखाराम आला. "आयला, वाघ हायेस राव तू," म्हणाला.

ही गोष्ट दापोडीपासून पिंपरीपर्यंत फिरली. खालच्या वस्तीतला पोरगा पुण्याच्या वकिलाला तोंडावर नाही म्हणाला. मी पुढे वेगळी युनियन काढली. लोकांनी मला मान दिला. भाषणाला बोलावलं की हीच गोष्ट सांगायचो. माझा अपमान, माझा नकार. टाळ्या यायच्या. पण त्या दिवशी "मी काही चुकलो नाही" हे जे मी ताठ मानेने बोललो, ते माझं सगळ्यात मोठं खोटं होतं, हे मी एकदाही सांगितलं नाही. यासीनभाईचं नावच घेत नसे.

चाकणला मात्र मी गेलो होतो. त्याच हिवाळ्यात. बाजाराच्या कडेला तो पाण्याची इंजिनं दुरुस्त करत बसला होता. मला बघून त्याने पाना खाली ठेवला नाही.

"बस," म्हणाला. "हंगेरीत रशियानं कामगारांवर रणगाडे घातले म्हनं. रेडिओवर आलंय."

"होय. मी वाचलं."

"न्हाई म्हनले असतील."

मी म्हणालो, "यासीनभाई, माझं चुकलं. मला माफ करा."

तो बराच वेळ नटाशी झटत राहिला. नट सुटला. मग म्हणाला, "बोललास समद्यांच्या म्होरं. माफी हितं मागतोस व्हय, कोन न्हाई ते बघून?"

सुटलेला नट त्याने डब्यात टाकला.

"मला नगं सांगू. मला ठावं हाय मी कोन हाय ते. दापोडीत सांग. नळावर सांग. त्यांना सांग." मग आत बघून आवाज दिला, "अगं, च्या टाक, पावना आलाय."

भाभीने चहा आणला. शमीम तिच्या कडेवर होती. मी चहा प्यायलो आणि उद्याच सांगायचं असं ठरवून एसटीत बसलो.

सांगितलं नाही. उद्या नाही, त्या वर्षी नाही. आधी वाटलं युनियन नवी आहे, फुटेल. मग वाटलं, आता कोणाच्या लक्षात आहे? मग मला मुलं झाली, त्यांच्यासमोर कसं सांगायचं? सांगू नये याला कारण मिळतच गेलं.

पुढे ते रशियाचं राज्यच मोडलं. पिंपरीत एका सभेत मला बोलावलं. रशियात आता लोकशाही येईल का, यावर बोला म्हणाले. मी बोललो. ज्या देशात चूक कबूल करायला दार लावावं लागतं, तिथे लोकशाही कशी रुजेल, असं म्हणालो. लोकांना वाक्य आवडलं. ते वाक्य यासीनभाईचं होतं. तो गेल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. मी मातीला गेलो नव्हतो.

गेल्या महिन्यात शमीम माझ्याकडे ताथवड्याला आली. मुलाकडे असतो मी. ती शाळेत शिकवत होती, आता निवृत्त आहे. तिला काही नको होतं. एवढंच विचारायचं होतं.

"काका, माझ्या लग्नात अब्बांनी अख्ख्या दापोडीला आवतण दिलं होतं. घरोघर जाऊन. जेवणं आटपेपर्यंत ते दारात खुर्ची टाकून बसले होते. एकही माणूस आला नाही. अम्मीला विचारलं तर ती रडायची. का आलं नाही हो कोणी? तुम्हाला तरी माहीत असेल."

त्या लग्नाचं आवतण मलाही होतं.

तिला मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. रडली नाही. उठताना म्हणाली, "हे तुम्ही मला एकटीला सांगून काय उपयोग?" बाप बोलला होता तेच. तिला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

म्हणून हे छापायला दिलं आहे. माझं आधीचं जे काही छापून आलं, भाषणांत आलं, त्यात माझा नकार आहे, पण मी ज्याला विकून यांच्यात बसलो तो माणूस नाही. ते सगळं अर्धं आहे. कोणी ते पुढे सांगू नये.

पण छापणं पुरेसं नाही. वाचणारा मला तोंडावर विचारू शकत नाही. दापोडीत सखारामचा थोरला मुलगा आहे. ज्यांनी यासीनभाईला लाइनीतून ढकललं त्यांची पोरं, नातवंडं त्याच गल्लीत आहेत. त्यातल्या काहींना खबऱ्याची ती गोष्ट अजून ठाऊक आहे, त्यांच्या बापांनी सांगितलेली. येत्या रविवारी मी तिथे जाणार आहे. सभागृह घेतलेलं नाही. हार, शाल, काही नको. रस्त्यावर, दिवसाढवळ्या, नावं घेऊन सांगणार आहे की यासीन मालकाचा माणूस नव्हता आणि मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. शमीमला ये म्हणून सांगितलं आहे. ती येईल की नाही, ते तिचं तिने ठरवायचं.

लोक शिव्या देतील, तर देऊ देत. कोणी थुंकलं तर मी तोंड पुसणार नाही. माफी मागणार नाही. ती ज्याच्याकडे मागायची तो गेला, आणि त्याने अट घातली होती ती मी त्याच्या हयातीत पाळली नाही. मी फक्त सांगणार आहे. आणि जो कोणी मधे बोलून मला सावरायला बघेल, जाऊ द्या आबा, जुनं झालं, म्हणेल, त्याला मी नाही म्हणणार आहे.