कोपराचं माप

गळाच्या काठीची मूठ किती लांब ठेवायची हे मासा ठरवत नाही, धरणाऱ्याचं कोपर ठरवतं. दोरा गुंडाळायच्या चरखीची काठी असेल तर चरखीच्या मागं उरणारी मूठ हाताखालून जाऊन कोपराच्या हाडापलीकडं चार बोटं निघाली पाहिजे. मासा ओढायला लागला की ती कोपराखाली दाबून धरता येते. आखूड पडली तर सगळा भार मनगटावर. लांब झाली तर गळ फेकताना पोटात खुपते, सदऱ्यात अडकते. म्हणून काठी करणारा आधी माणसाचं कोपर हातात धरतो, हाड चाचपतो आणि मगच बांबूला करवत लावतो. हे मी उदगीरजवळ आजोळच्या तळ्यावर शिकलो. तिथं कुणाचंही कोपर कुणीही धरायचं.

लातुरात या कोपरानं मला जे दाखवलं त्याची किळस अजून गेलेली नाही.

लातूर तेव्हा नवा जिल्हा होता. जुन्या जिल्ह्यातले कारकून अजून इकडंतिकडं वाटले जात होते आणि त्यात पावसाचा पत्ता नव्हता. बाबा असेच एक कारकून. माय नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची, तिची काही बदली होणार नव्हती. बाबांना लातुरात ठेवायचं की परत पाठवायचं, आमचं घर एक राहायचं की दोन, हे एका साहेबाच्या सहीवर होतं. या साहेबाला मासे धरायचा शौक. हैदराबादहून त्यानं चरखी आणली होती, काठी मात्र मनासारखी मिळत नव्हती. बाबांनी मला न विचारता सांगून टाकलं, "माझा पोरगा करतो की, साहेब."

साहेबाला घाई होती. शहराबाहेरचं तळं आटून मधोमध गोळा झालं होतं. एका काठाला बायका घागरी घेऊन उभ्या असायच्या. साहेबाचं म्हणणं, पाणी कमी झालं की मासा दाटीनं सापडतो, हाच मोका.

मी माहूरकडचा भरीव बांबू आणि सुतळी घेऊन बंगल्यावर गेलो. साहेब व्हरांड्यात बसला होता. "हात असा काटकोनात धरा," म्हणत मी पुढं झालो, तसा त्यानं हात झटक्यात मागं घेतला. मग हसला. "अरे, अंगाला कशाला हात लावतोस? लांबूनच बघ की." माझं आडनाव त्याला माहीत होतं. लांबून कोपराचं हाड दिसत नाही म्हटल्यावर त्यानं शिपायाला आत पाठवलं. शिपाई एक जुना शर्ट घेऊन आला आणि माझ्या हातात टाकला.

"बाहीवरून माप घे," साहेब म्हणाला. "आणि परत आणू नकोस. तुझ्या वडलांना होईल."

आमच्या घरात देवांच्या तसबिरी नव्हत्या, पत्रकं होती. मी वाचायला शिकलो तोच पत्रकांवर. धर्मांतराच्या वेळचं एक पिवळं पडलेलं पत्रक मायनं जपून ठेवलं होतं. मेलेलं ढोर ओढायचं नाही, शिळं मागायचं नाही, उतरलेलं अंगावर घालायचं नाही. आणि मी साहेबाचं उतरलेलं काखेत मारून घरी आलो होतो. वास येत होता त्याला, घामाचा आणि अत्तराचा.

बाबांनी तो उलगडला. छातीला लावून पाहिला. बरोबर बसत होता.

"कापड चांगलं हाय," बाबा म्हणाले. "वाईट मनानं दिला नसंल."

"माझा हात लागला तर त्याला विटाळ होतो, अन् त्याचा घाम आपल्याला चालतो?"

"आवाज खाली घे. पलीकडं कचेरीतलाच माणूस राहतो. बदली काय तुझ्या पत्रकानं थांबती का?"

माय भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमच्या बापानं उतरलेलं घेणं सोडलं तवा त्यांच्या अंगावर धड एक कापड न्हवतं. तुम्ही तर पगारी माणूस."

बाबांनी शर्ट छातीवरून खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो स्वतः धुतला. तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली, घडी घातली. "चल," म्हणाले. "बांबू घे."

व्हरांड्यात साहेबासोबत दोन पाहुणे चहा पीत बसले होते. बाबांनी शर्ट टेबलावर ठेवला. "साहेब, बाहीत कोपर सापडंना. जरा हात द्या, पोरगा माप घेतो."

"अंदाजानं कर ना."

"अंदाजानं केली की पोटात खुपती, साहेब."

एक पाहुणा फसकन हसला. साहेबानं दोन्ही हात काखेत दाबले. "राहू दे. बाजारातून घेईन मी. आणि तो शर्ट ने, तुला दिलाय."

"आमच्यात घेत न्हाईत," बाबा म्हणाले. लग्नातली एखादी रीत सांगावी इतक्या साध्या आवाजात.

साहेबानं चहाचा घोट घेतला. "तुझी फाइल माझ्याकडंच आहे ना?"

"हाव, साहेब."

"बरं."

आठवड्याच्या आत हुकूम आला. बाबांना परत जुन्या जिल्ह्याला जायचं होतं. वळकटी बांधून झाल्यावर त्यांनी बाही वर केली आणि हात माझ्यापुढं धरला. "माझं घे माप."

मी त्यांचं कोपर हातात घेतलं. हाड लगेच लागलं. चार बोटं सोडली आणि करवत लावली.

"तिकडं तर तळीच कोरडी हायत," माय म्हणाली. "काय धरणार, धूळ?"

"धूळ धरायला गळ कशाला लागतो? कचेरीत बसलं की झालं," बाबा म्हणाले. माय हसली आणि मग तोंडाला पदर लावून आत गेली.

बाबांना बसमध्ये बसवून मी तळ्यावरून परत आलो. साहेब छत्रीखाली बसला होता. बाजारातली काठी, मूठ आखूड. मासा लागला होता आणि साहेबाचं मनगट लटपटत होतं. मागं उभा राहून शिपाई दोन्ही हातांनी त्याचं कोपर सावरत होता.

मी थुंकायला तोंड वळवलं. काठाला बायका तेच पाणी घागरीत भरत होत्या. मी थुंकी गिळली आणि घरी आलो.