मिश्रीचा वास
शेजारी कुणी तव्यावर मिश्रीसाठी तंबाखू भाजायला घेतली, की तो कडवट धूर खिडकीतून आत येतो आणि मला मायचे दात आठवतात. समोरचे दोन दात पडल्यापासून ती तोंडाला पदर लावूनच हसायची, म्हणून मी तिला वाटूरहून जालन्याच्या दवाखान्यात नेलं. हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात लावतात, असं मी ऐकून आल्तो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशी, तंबाखू खाता का?" "न्हाई बाई, कधीच न्हाई," माय म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती, कारण मिश्री ती खात नव्हती, दातांना लावत होती, आणि आमच्याकडे ही दोन कामं वेगळी. बाईंना काय विचारायचंय ते मला बराबर कळलं होतं, पण त्या चकचकीत खोलीत आपली माय मिश्री लावते हे सांगायची लाज वाटली आणि मी गप्प बसलो. स्क्रू बसवले, पण काही महिन्यांनी हिरडी सुजली, ते हलायला लागले. तंबाखूनं हाड स्क्रू धरत नाही, असं सांगताना बाईंचं लक्ष मायच्या मिश्री लावून काळ्या पडलेल्या बोटाकडे गेलं आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "त्याला नका बोलू बाई, त्याला काय ठावं मी मिश्री लावते ते." स्क्रू काढावे लागले आणि पदर पुन्हा तोंडावर आला. आता माय नाही. धूर आत येतो, मी खिडकी लावत नाही. तिच्या मिश्रीची तंबाखू दर बाजारी मीच आणून द्यायचो.