आईसुद्धा ड्युटीवर

माझ्या धाकट्या बहिणीचं, सुलूचं, लग्न जमता जमता मोडायची वेळ आली, ती माझं अ‍ॅप बिनचूक चाललं म्हणून.

चाकणच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. लाइनवर फोन न्यायला बंदी, त्यामुळे तो लॉकरमध्ये वाजून वाजून दमायचा आणि घरी आल्यावर बोलणी मला. म्हटलं, आपणच अ‍ॅप लिहू. शाळेत बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकलो होतो (वर्गात सगळ्यांत आधी माझाच प्रोग्रॅम चालायचा, कोणी विचारत नाही म्हणून सांगतो). त्याच धर्तीच्या भाषेत आता मोबाइलची अ‍ॅप लिहिता येतात. 'अमुक असेल तर तमुक कर', इतकं सरळ. ड्युटीच्या वेळेत फोन गप्प बसणार आणि समोरच्याला आपोआप मेसेज जाणार: "मी ड्युटीवर आहे. गुरुवारी सुट्टी असते, तेव्हा बोलू." आमच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी.

अ‍ॅप पहिल्या फटक्यात चाललं! त्या आनंदात मी ते आईच्या आणि सुलूच्या फोनमध्येही टाकलं.

"मला कशाला रे? मी कुठं कामाला जाते?" आई म्हणाली.

"असू दे, टेस्टिंग होईल."

मग सुलूला बघायला सांगवीहून पाहुणे यायचे ठरले, रविवारी. मुलगा निखिल, आयटीतला. प्रत्येक स्थळात खोट काढणारी सुलू या वेळी नुसतं "बघू" म्हणाली होती. आमच्याकडे यालाच होकार म्हणतात. मी रजा टाकली. आईनं पोहे केले. सुलूनं साडी बदलली आणि पुन्हा पहिलीच नेसली. पाहुण्यांचा पत्ता नाही. पोहे गार झाले.

"फोन कर की," आई म्हणाली.

"आपण मुलीकडचे. उतावीळ दिसू."

सुलूचा चेहरा उतरत चालला. तो बघवेना म्हणून शेवटी मी फोन उचलला, तर मिस्ड कॉलची रांग! आमच्या मोशीतल्या नव्या सोसायट्या सगळ्या एकसारख्या. पाहुणे त्यात चुकले होते आणि आम्हा तिघांनाही फोन लावत होते. अ‍ॅपच्या लेखी मात्र गुरुवार सोडून सगळे वार ड्युटीचे, रविवारसुद्धा!

मी निखिलच्या वडिलांना फोन लावला.

"जय भीम. आम्ही नाशिक फाट्यापर्यंत परत आलोय," ते म्हणाले. "स्थळ नको होतं तर सरळ सांगायचं. तुम्ही ड्युटीवर, मुलगी ड्युटीवर, समजू शकतो. पण तुमच्या आई कुठल्या कंपनीत आहेत?"

"काका, चूक अ‍ॅपची आहे," मी म्हणालो. बनवणाऱ्याची म्हणायला जीभ वळेना.

पलीकडे कुजबूज झाली आणि निखिलचा आवाज आला, "दादा, अ‍ॅप तुम्ही स्वतः लिहिलंय? थांबा, आम्ही येतो."

आल्या आल्या पोह्यांआधी त्यानं माझा लॅपटॉप मागून घेतला. "दादा, लिहिलंय एकदम स्वच्छ. फक्त सगळ्या जगाला गुरुवारची सुट्टी दिलीये."

"त्याला रविवार माहीतच नाही," सुलू चहा देत म्हणाली.

निखिल हसला, सुलू हसली. माझ्यावर हसता हसता दोघं इतकं बोलले, की आईला 'तुम्ही जरा गच्चीवर जाऊन बोला' म्हणावंच लागलं नाही. मीच मग पोहे गरम करून आणले.

लग्न जमलं, आणि ते माझ्या अ‍ॅपनं जमवलं, हे मी भेटेल त्याला सांगतो. निखिलनं तर ते स्वतःच्या फोनमध्ये टाकून घेतलं. शिकलेल्या माणसाला कदर असते. पुढचं अ‍ॅप समजावून सांगायला मी त्याला रोज फोन करतो आणि रोज मेसेज येतो: "मी ड्युटीवर आहे." गुरुवारीसुद्धा येतो. सुधारणा त्यानं केली असेल, पण मूळ प्रोग्रॅम माझाच आहे.