बैराग्याच्या घराचा दगड

हे मी कुणाजवळ बोललो नाही. बायको गेली, तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय — आणि आत्ताही जीभ अडखळतेय.

लोणारला सरोवराच्या वाटेवर बैराग्याचं घर आहे. दोन खणांचं, काळ्या दगडाचं, चुन्याचा थेंब नसलेलं. महाराष्ट्र झाला, त्या घरावर संरक्षित म्हणून पाटी लागली आणि मी चौकीदार झालो. केवढा तोरा माझा! पाटीला शेण फासलं म्हणून एका गुराख्याचं थोबाड फोडलं होतं. हात उचलायची सवयच होती.

त्या भिंतीला दोन अंगं — आतलं, बाहेरचं, मध्ये कपच्यांची भर. दोन्ही अंगं धरून ठेवतो तो आरपार जाणारा लांब दगड. हे मला सखाराम पाथरवटानंच शिकवलं. डागडुजीला त्यानं मागची भिंत उतरवली, तेव्हा असाच एक लांब दगड तीन रेघांची खूण करून खाली ठेवला आणि देऊळगावला बालाजीच्या दर्शनाला गेला. मला नव्या घरासाठी उंबरठा हवा होता. मी तो नेला. जागी दोन आखूड तुकडे बसवले, एक आतून, एक बाहेरून. वर थर चढवले. कुणाला कळणार? सखारामला म्हणालो, तुझा दगड बसवला. त्यानं विश्वास ठेवला.

खात्याचे साहेब पाहणीला आले त्या दिवशी भिंतीला पोट आलं आणि ती कोसळली. सखाराम ढिगाऱ्यात वाकला. ते दोन तुकडे उचलून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, माहा लांब दगड कुठी हाय?"

मी पहार घातली. उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचं ऐकू आलं — थांबलो का? पुन्हा घातली. तोंडावर लाथ मारली, दात पडले. रक्त पाटीवर उडालं. "सरकारी घर पाडतं काय बे?" असं ओरडत होतो. लोकांना वाटलं, घरासाठी माझा जीव तुटतोय. साहेबांनी पाठ थोपटली. पण राग नव्हताच हो. त्याचं तोंड बंद करायचं होतं, तेवढंच.

सखारामच्या त्या हातानं पुन्हा छिन्नी धरली नाही.

काही वर्षांनी सखाराम मुलीच्या लग्नाच्या अक्षता घेऊन माझ्या दारात आला. त्याची नजर खाली गेली. वाकून त्यानं डाव्या हातानं उंबरठ्यावरच्या तीन रेघा चाचपल्या. मग बाहेरूनच अक्षता दिल्या.

"लग्नाले या, भाऊ."

मी गेलो. पंगतीत तो डाव्या हातानं वाढत होता. मी पोटभर जेवलो.